घेतलं म्हटल्यावरच पुढचं

विरारला आगाशीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक काका आणि त्यांचा पुतण्या.

"काका, जमलं! दोन्ही मशिनी एकमेकींशी बोलल्या!"

"हळू, अल्पेश. तीन दिवस अडलेलं तेच काम?"

"तेच! आज नसतं झालं तर शेठ बाहेरचा इंजिनीअर आणणार होता. मी परत वायरिंगला!"

"मंग चुकत काय होतं?"

"भरणारी मशीन मेसेज टाकायची, डबा पाठवला. लगेच दुसरा, लगेच तिसरा. झाकणवाली अजून पहिल्यातच. डबे एकमेकांवर!"

"आमी कौलं चढवताना खालचा 'घे' बोलतो, वरचा 'घेतलं' बोलतो. मंगच दुसरं कौल."

"अहो, तेच टाकलं प्रोग्राममध्ये! समोरून उत्तर आल्याशिवाय पुढचा मेसेज जातच नाही. सकाळपासून एक डबा पडला नाही!"

"शाब्बास! आयेला सांगितलंस?"

"बूथवरून फोन केला ना. 'आई, झालं!' ओरडलो आणि ठेवला."

"ती काय बोलली?"

"ती... मी ठेवलाच ना लगेच."

"मंग?"

"काका, माझी जागा धरा. रुपयाचं नाणं आहे?"