जाहिरातीएवढं

मॅकाय गावातल्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. समोर एक म्हातारी बसली होती. एका बाजूला तिची मुलगी रेलीन, दुसऱ्या बाजूला ब्रिस्बेनहून आलेला मुलगा. भिंतीवरच्या टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. म्हातारीच्या मुठीत रिमोट होता.

"रेलीन, घरचा रिमोट इथे कशाला आणू दिलास? इथला टीव्ही ऐकणार आहे का त्याचं?"

"काढून घेऊन बघ. चावेल तुला."

"घरी काय बघते?"

"जाहिराती. खेळ सुरू झाला की आवाज बंद, जाहिरात लागली की मोठा. यंदा तिची सगळ्यात आवडती म्हणजे ती कुत्र्याची. मुलगी आगगाडीत बसते, कुत्रं फलाटावरून धावतं आणि ती उतरून परत येते. दर वेळी हसते आई."

"पाच-पाच दिवस कसोटी बघणारी बाई ही."

"आता षटक संपेपर्यंत कोण खेळतंय तेच विसरते, क्रेग. जाहिरात संपेपर्यंत मात्र सुरुवात लक्षात राहते."

"माझ्याशी तर फोनवर बोलतच नाही."

"तू ऑफिस, ट्रॅफिक, पोरांच्या शाळा, सगळं एका दमात सांगतोस. ती मध्येच हरवते."

"मग काय सांगू?"

"थोडंसंच. जाहिरातीएवढं."

तो उठून म्हातारीसमोर उकिडवा बसला.

"आई, मी क्रेग. तुझा मुलगा. तुला भेटायला आलोय."

म्हातारीने रिमोट त्याच्यावर रोखला आणि बटण दाबून धरलं.

"रेलीन, बंद करतेय ती मला."

"नाही रे. आवाज वाढवतेय. परत सांग."