गिटार उजवी करून द्या

चामराजपेटेतल्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात विठोजी आपली पेटी मांडीवर घेऊन बसला होता. शेजारच्या बाकावर आई आणि मुलगी होत्या. मुलीनं बास गिटार कवटाळून धरली होती.

"अम्मा, सात दुकानं पालथी घातली, तेव्हा कुठं स्वस्तातली, सरळ दांडीची ही एक मिळाली."

"मिळाली ना? आता अभिराजदादाला बँडमध्ये घेतलंय. घरात एक असताना दुसरी कशाला आणायची?"

"पण ही मी डाव्या हाताची केलीय. तारा उलट्या क्रमानं लावल्या, खाचांची पट्टी नवी कापून बसवली, पट्ट्याची खुंटी दुसऱ्या बाजूला घेतली."

"म्हणून तर इथं आलोय. परत उजवी करून देतील."

"मग मी काय वाजवू?"

"उजव्या हातानं वाजव. जेवायला शिकलीस की नाही उजव्या हातानं?"

"तू हातावर मारायचीस, म्हणून शिकले."

"स्वल्प हळू बोल, अक्षरा. लोक ऐकतायत."

विठोजीनं पेटीच्या भात्यावरची धूळ पुसायला घेतली.

तेवढ्यात दुकानदारानं गिटार मागून घेतली. खाचांवरून बोट फिरवलं, खुंटी ओढून पाहिली, आणि आईला विचारलं,

"काम फार सफाईदार आहे. कुणी केलं?"

"घरीच केलंय. आमच्या मुलानं."

"डावखुरा आहे वाटतं."

"छे हो. आमच्या घरात कुणी डावखुरं नाही."