पेटीवरची सावली

बसवकल्याणच्या स्टँडवर गुलबर्ग्याच्या बसची वाट बघणाऱ्या नरहररावांच्या कानावर शेजारच्या दोघींचं बोलणं पडलं.

"कलाअक्का, तुमच्या शेतातली ओल मोजणारी पेटी तीनदा बंद पडली. आमचं कृषी कॉलेज म्हणतंय, काढून आणा."

"कामून, पूर्णिमाबाई? आता चालू हाय की."

"चालू? बॅटरी तर उतरली होती!"

"उतरणारच की. तूर डोक्याएवढी झाली, सोलरच्या प्लेटीवर दिसभर सावली. म्या प्लेट उंच बांबूवर बांधली. रोज धूळबी पुसायलीय."

"कधीपासून?"

"पंधरा दिस झाले. हिरवा दिवा लुकलुकायलाय."

नरहररावांनी हातातला पेपर मिटला.

"मग आता काढत नाही, अक्का. उलट पुढच्या हंगामात अजून दोन बसवू."

"बसवा. पर जागा मला इचारून ठरवा, बाई."