ओन्ली ट्वेंटी मिनिट्स, मिस्टर कतार!

नाही, ते फोटो बाजूला ठेवा, फोटोत काय हो, सगळेच हसतात! विन्सेंट, खाली ठेव तो मोबाईल, तुझ्यामुळेच तर झालं हे सगळं... 'गुरू, व्हिएतनामला चाललायस तर हुए शहर बघच, जुनी राजधानी आहे, राजवाडे, नदी, एका दिवसाची गायडेड टूर घे, सगळं तेच बघतात!' असंच म्हणाला होतास ना? अगदी खरं निघालं. सगळं त्यांनीच बघितलं, आम्ही नुसते बसमध्ये चढलो आणि उतरलो. ही व्हिएतनामची प्राचीन राजधानी, हा राजांचा किल्ला, आणि आपल्याकडे किती वेळ? 'ओन्ली ट्वेंटी मिनिट्स!'

बसा, बसा. लूर्द, तूही बस, बिर्याणी मन्सूरातल्या हॉटेलातून निघालीय, येईल. आमची बायको, नमिता, पंधरा दिवस पुण्यात आहे, लेकीला हॉस्टेलात रुळवायला गेलीय, म्हणून आज बोलतोय. ती इथे दोह्यात असती तर 'ट्रिप छान झाली' एवढं सांगून मी तुम्हाला चहा दिला असता.

आता तुम्ही विचाराल, मग गेलास कशाला? अहो, नुपूरसाठी! बारावी झाली, अठरा पूर्ण झाली, पुण्याचं इंजिनिअरिंग ठरलेलं... म्हणजे मी ठरवलेलं, आणि ती 'फाइन' म्हणालेली. वर्षभर या मुलीकडून मला एकच शब्द मिळालाय, तुम्हाला सांगतो. पेपर कसा गेला? फाइन. भाजी कशी झालीय? फाइन. पुण्याला जायचं ना? फाइन! आता हे हो समजायचं का नाही समजायचं? जन्म दोह्यातला, शाळा दोह्यातली, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. तर मला तिला एकदाच समोर बसवून शांतपणे विचारायचं होतं, की बाळा, तुला खरंच जायचंय का तिकडे? परत आलो की आठवड्याच्या आत कॉलेजला पक्कं कळवायचं होतं. आणि घरी विचारता येत नाही, घरी ती तिच्या खोलीत, मी शिफ्टवर, आणि विचारायला दार वाजवलं तर, 'बाबा, आय ॲम ऑन अ कॉल.' म्हटलं परदेशात नेऊ, दिवसभर बरोबर असेल, कुठेतरी बसू, विचारू. दोन मिनिटांचा प्रश्न! त्यासाठी मी तिघांना विमानात घालून सहा हजार किलोमीटर नेलं.

आणि ती बुकिंगची वेबसाइट! नाव लिहा, वय लिहा, कंट्री लिहा... मी लिहिलं कतार. हात आपोआप गेला हो! एकोणीस वर्षं प्रत्येक फॉर्मवर तेच लिहितोय, वीज, इंटरनेट, शाळा, दातांचा डॉक्टर. तुमच्यात कुणी कुणी केलंय असं? खरं सांगा... बघा! ॲलन, तुझा हात पहिला वर. पुढचा शाकाहारी-मांसाहारीचा रकाना मी वाचलासुद्धा नाही. कंट्री झालं की खाली 'नेक्स्ट' दाबायचं, ही आपली सवय.

सकाळी साडेसातला हॉटेलच्या दारात लिन हजर. लिन म्हणजे आमची गाइड, पंचवीसएक वर्षांची पोर, हातात पिवळा झेंडा, कॉलरला माइक, उत्साह असा की बघूनच माणूस दमावा. 'गुड मॉर्निंग मिस्टर कतार! मिसेस कतार! बेबी कतार!' आणि तिघांच्या छातीवर टपाटप तीन स्टिकर, ठळक अक्षरांत, कतार. नमिता म्हणते, 'अहो, सांगा तिला आपण इंडियाचे.' मी सांगायला तोंड उघडलं, तर, 'मिस्टर कतार, क्विक क्विक, बस गो!' आणि नुपूर स्टिकर नीट दाबून बसवत म्हणाली, 'इट्स नॉट राँग, बाबा.' मी बसमध्ये चढलो.

मग प्रत्येकाच्या गळ्यात एकेक डबडं आणि कानात वायर. लिन माइकमध्ये बोलली की बसमधल्या सोळाही जणांच्या कानात, कुठेही असा, ऐकू येणारच. नमितानं पाच मिनिटांत काढून पर्समध्ये टाकलं, कान दुखतो म्हणाली. नुपूरनं तर वायर कानात घातलीच नाही. मी ठेवलं. इंजिनियर माणूस, यंत्र दिलंय तर वापरायचं!

किल्ला. अहो, केवढा! तटबंदी, खंदक, दरवाजे, जवळजवळ दीडशे वर्षं एकाच घराण्यानं इथून राज्य केलं... 'नाऊ फोटो, टॉयलेट, फोटो, ओन्ली ट्वेंटी मिनिट्स!' दीडशे वर्षांना वीस मिनिटं! त्यात टॉयलेटला ही रांग! तरी मी कमळांच्या तळ्याकाठी एक बाक हेरला, सावली होती, म्हटलं, 'नुपूर, बस जरा.' ती बसली. मी घसा खाकरला. 'नुपूर, मी काय म्हणतो...' आणि कानात, 'मिस्टर कतार! वेअर आर यू? एव्हरीबडी वेटिंग!' उठलो.

जेवण! इथे तर कहर. लिन आम्हा तिघांना बाजूला घेऊन म्हणते, 'स्पेशल फॉर कतार फॅमिली! हलाल! आय फाइंड, व्हेरी डिफिकल्ट!' पोरीनं आठवडाभर फोन करून गावाबाहेरचं एक हलाल हॉटेल शोधून काढलं होतं हो, सगळी बस आमच्यासाठी तिकडे वळवली होती! आणि समोर काय आलं? हुएची प्रसिद्ध डिश. बीफ नूडल सूप. तीन वाडगे. आणि नमिता, जिनं जन्मात अंडं फोडलेलं नाही! पलीकडे आमच्या बसमधली ऑस्ट्रेलियन म्हातारा-म्हातारी चापून खातायत, लिन आमच्या तोंडाकडे बघत उभी, 'गुड? गुड?' नमितानं काकडी खाल्ली. एकामागून एक सगळी काकडी खाल्ली आणि माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू... एकोणीस वर्षांत दोह्याच्या उन्हानं जे केलं नाही ते त्या नजरेनं केलं.

तेवढ्यात लिन आली, 'अँड नाऊ, प्रेयर रूम! ट्वेंटी मिनिट्स!' एक छोटीशी खोली, स्वच्छ चटई, पंखा. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद, की मला नाही म्हणवेना. मी आत जाऊन बसलो, नुपूर माझ्या मागे आली, नमिता बाहेर बिस्किटं शोधत गेली. आणि तुम्हाला सांगतो, सबंध दिवसात ती एकच जागा होती जिथे आम्हाला कुणी मोजत नव्हतं. छान शांत. मी मनात म्हटलं, ज्याची कुणाची ही खोली असेल त्यानं माफ करावं, मला एक प्रश्न विचारायचाय. 'नुपूर,' म्हटलं, 'तुला पुण्याला...' टक टक टक! 'मिस्टर कतार? फिनिश प्रे? बस गो!' विसातली चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती! यल्ला, चला म्हटलं, उठलो.

मग ती समाधी. तू डुक नावाचा राजा होता, त्यानं जिवंतपणीच स्वतःची समाधी बांधून घेतली. समाधी म्हणजे काय, चांगला बंगला म्हणा ना! तळं, होड्या, कविता लिहायला मंडप, मासे धरायला ओटा, आणि हा तिथेच राहायला जायचा. लिन सांगत होती, एवढं सगळं बांधलं, पण त्याला पुरलंय दुसरीकडेच, कुठे ते कुणालाच माहीत नाही असं म्हणतात. बस हसली. मी नाही हसलो. अहो, माझा पुण्यातला बाणेरचा फ्लॅट! तीन बेडरूम, मॉड्युलर किचन, संध्याकाळी बसायला गच्ची, नऊ वर्षं कुलूप! राजानं निदान चार मासे तरी धरले. मी दर सुट्टीत जातो, नळ सोडतो, गंजाचं पाणी जाऊ देतो, परत कुलूप लावतो.

त्या पायऱ्या चढताना माझा गुडघा बोलायला लागला. नुपूर लिनबरोबर पुढे गेली, मी मागे, नमिता त्याहून मागे. आणि लिन माइक बंद करायला विसरली.

इंग्रजीत बोलत होत्या, मी आपला मराठीत सांगतो. लिन विचारते, 'तू शिकायला इंडियाला जाणार? खूश आहेस?' एवढंच. इतका साधा प्रश्न! मी अठरा वर्षं तिचा बाप, मला तो विचारायला बाक लागतो, सावली लागते, प्रार्थनेची खोली लागते... आणि माझ्या कानात माझ्या मुलीचा आवाज आला. 'फाइन' नाही म्हणाली. म्हणाली, 'बाबा खूश आहेत. मी लहान असल्यापासून ते म्हणतायत, परत जायचं, परत जायचं. पण निघत नाहीत. मी तिकडे गेले की त्यांना निघता येईल. मला नेदरलँड्सचं कॉलेज मिळालं होतं, मी कॉलेजला होकारच नाही कळवला. घरी सांगितलंच नाही. बाबा फार थकलेत.'

सोळा जण, हं! नमिता-नुपूर सोडल्या तर सगळ्यांच्या कानात. ती ऑस्ट्रेलियन म्हातारी माझ्या शेजारीच उभी होती, तिनं माझ्याकडे बघितलं, आणि हळूच आपल्या कानातली वायर काढली. एवढी सभ्य बाई मी आयुष्यात पाहिली नाही. मी काढली नाही. मला अजून ऐकायचं होतं. पण पुढे, 'ओके एव्हरीबडी, फोटो! ओन्ली ट्वेंटी मिनिट्स!'

मला राग आला, खरं सांगतो. लिनचा आला, मग स्वतःचा आला. कारण... आता हे मी कुणापाशी बोललेलो नाही... मला कुठे जायचंय परत! विन्सेंट, हसू नकोस, तू तरी तुझ्या वसईला परत चाललायस का? दर वर्षी गणपतीत, नाताळात, आपण सगळे इथेच बसून म्हणतो, बस, आता खलास, पुढच्या वर्षी कायमचं. माझं तिकडे कोण आहे? आई गेली, अण्णा गेले, मित्रांचे नंबर बदलले. पुण्यात रिक्षावाला मला विचारतो, 'साहेब, बाहेरून आलात का?' आणि इथे आमच्या बिन महमूद वस्तीतला कोपऱ्यावरचा किराणावाला मी दारात दिसलो की दही काढून ठेवतो. मी पुण्याला जाणार होतो ते नुपूरसाठी! पोरगी एकटी राहील, घरचं कुणीतरी हवं, म्हणून डिसेंबरला राजीनामा द्यायचा ठरवला होता. ती चाललीय माझ्यासाठी, मी चाललोय तिच्यासाठी, आणि दोघांपैकी एकालाही जायचं नाहीये! दोघांना न आवडणाऱ्या गावाला आम्ही इतक्या प्रेमानं निघालो होतो.

शेवटी होडी. नदी मोठी सुंदर, होडीला पुढे ड्रॅगनचं तोंड, लिननं माइक खरोखर बंद केला, इंजिन बंद झालं, आणि म्हणाली, 'फ्री टाइम. ट्वेंटी मिनिट्स.' आणि या वेळी हो, अख्खी वीस मिनिटं दिली! कुणी हाक मारली नाही, कुणी दार वाजवलं नाही. नमिता डुलक्या घेत होती. नुपूर माझ्या शेजारी येऊन बसली, आपणहून. मी तिच्याकडे बघितलं. मला सगळं माहीत होतं. फक्त म्हणायचं होतं, बाळा, मी ऐकलं, नको जाऊस, त्या नेदरलँड्सवाल्यांना आज लिही. पण ते म्हणायचं तर पुढचंही म्हणावं लागलं असतं. की बाबांना परत जायचंच नाहीये, बाबा अठरा वर्षं तुझ्यासमोर खोटं बोलतायत, आणि त्या खोट्यापायी तू... नाही जमलं. मी विचारलं, 'पुण्याला जायला आवडेल ना तुला?'

ती हसली. म्हणाली, 'हो बाबा. खूप.' मराठीत म्हणाली! कधी नव्हे ते मराठीत, मला बरं वाटावं म्हणून.

मी म्हटलं, 'मलाही.'

उरलेली अठरा मिनिटं आम्ही पाणी बघितलं.

जुलैअखेर गेली ती, आईबरोबर. आणि गेल्या आठवड्यात ऑफिसनं मला आणखी तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे केलं. केली सही, दुसरं काय करणार होतो? पेन हातात होतं. रात्रभर विचार केला, तिला काय सांगू, आणि सकाळी फोन लावला. म्हटलं, 'बेटा, बाबाला अजून थोडे दिवस इथेच राहावं लागेल गं. तुझ्या शिक्षणासाठी.'

ती म्हणाली, 'आय नो, बाबा. थँक यू.'

थँक यू म्हणाली हो मला! आणि मी काय म्हणालो असेन? एकोणीस वर्षं ऑफिसात काढलेला माणूस... मी म्हणालो, 'मेन्शन नॉट.'