फ्रिजमधल्या दोन बाटल्या

उकळू दे रे चहा, घाई काऊन करून राह्यला? उकळलेल्या चहानंच एकदा माझी अब्रू राखली.

पंच्याऐंशीच्या सुमारास मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात लॅब सांभाळत होतो. आमच्या सरांनी दुधाच्या दोन बाटल्यांत हगवणीचे जंतू सोडले. मग एका बाटलीत नालीच्या पाण्यातून काढलेले विषाणू टाकले, ते फक्त त्या जंतूंनाच मारतात म्हणे, अन् दोन्ही बाटल्या फ्रिजात ठेवल्या. कोणत्या दुधात जंतू कमी राह्यले, ते दुसऱ्या दिवशी पाहायचं होतं.

सकाळी पाह्यतो तं दोन्ही बाटल्या धुऊन पालथ्या! आमचे शिपाई शामरावभाऊ म्हणाले, "गडचिरोलीचे परीक्षक आले ना, त्याइले चहा देल्ला. सरांनी दूध पाव्हण्यासाठीच आणलं असन."

मी घाबरून विचारलं, "कोणत्या बाटलीतलं?"

"दोन्ही."

"उकळलं होतं ना?"

शामरावभाऊले रागच आला. "तीन उकळ्या आल्याबिगर मी कोणाले चहा देतो का? साहेबानं दुसरा कप मागून घेतला!"

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सर आले. "काय रे, किती जंतू मेले?"

"सगळेच, सर. पण शामरावभाऊच्या उकळीनं तुमच्या विषाणूले हातच लावू देल्ला नाई."