टोरीच्या तेलाची घडी

घडीचं, म्हणजे घड्याळाचं, नाव काढलं म्हणून आमच्या मास्तर मामाचं सांगतो. सारं सावली गाव सेलच्या घडीवर गेलं, पण मामानं लग्नातली चाबीची घडी सोडली नाही. तिला घरीच मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल घालायचे. थंडीत ते तेल तुपासारखं गोठायचं. मामा शाळेत उशिरा पोचून सांगायचे, “घडीच बंद पडली, सर.”

शेवटी हेडमास्तर चिडले. “आजच मूल गावाले जाऊन दुरुस्त करा!”

मूलच्या घडीवाल्यानं झाकण उघडून वास घेतला. “मास्तर, घडी हाये का भज्याची कढई? पुरं तेल धुऊन काढतो. मंग हिवाळ्यातबी टायमावर चालंन.”

मामा दचकले. “पुरं काऊन काढता भाऊ? थोडं राहू द्या ना. हिवाळा अजून बाकी हाये!”