सदूच्या आवाजाला मज्जाव

रतन: ये नेत्रे, अशी जवळ ये. ती खुर्ची ओढ. तुला आज सकाळची गोष्ट सांगते, कीर्तनाच्या उत्तररंगात शोभेल अशी हाय. पुरती ऐक, नि मग तूच ठरव, तुझी आत्या भांडखोर हाय की हे जग उलटं फिरलंय.

नेत्रा: आत्या, मी पनवेलहून आत्ता उतरतेय. पाणी तरी पिऊ दे.

रतन: माठ तिथं कोपऱ्यात हाय. पितापिता ऐक. तो अलिबागचा कुलदीप आला होता, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. ह्या देवळाच्या कॉम्प्युटरपुढं बसला, दोन बटणं दाबली, नि मला म्हणतो, "काकी, डेटाबेस उडाला. फॉरमॅट मारावा लागेल." मी म्हटलं, फॉरमॅट म्हणजे काय रे? तर म्हणतो, "सगळं पुसायचं, नवीन टाकायचं. एकदम चकाचक." चकाचक! अरे, हे काय शेणानं सारवायचं अंगण हाय?

नेत्रा: सगळं म्हणजे? बुवांची कीर्तनंसुद्धा?

रतन: सगळं म्हणजे सगळं. भागोजीबुवा होते तोवर ह्या राममंदिरात जी जी कीर्तनं झाली, ती सारी ह्याच्या पोटात हायत. पुजाऱ्यांच्या प्रणयनं कॉलेजात असताना ते सॉफ्टवेअर बनवलं, एकेक कीर्तन बसून आत घातलं. आता तो बोटीवर नोकरीला. भर समुद्रात कुठला फोन लागायला!

नेत्रा: पेनड्राइव्हवर वगैरे दुसरी प्रत ठेवलेली आहे का?

रतन: कुलदीपनं हेच विचारलं. न्हाय म्हटल्यावर मलाच हसला. "टेन्शन नाय काकी, बुवांची कीर्तनं यूट्यूबवर आहेत ना, सेम टू सेम." सेम टू सेम म्हणे! त्या यूट्यूबवर बुवाच दिसतात नि बुवाच ऐकू येतात. मागं उभा राहून धृपद धरणारा, बुवांची ओळ उचलून परत म्हणणारा सदू त्यात कुठं हाय?

नेत्रा: सदू म्हणजे चंदाआजीचा भाऊ? आपल्या वाडीत नारळ पाडायला यायचा तो?

रतन: तोच. बुवांचा मेव्हणा. जन्मभर त्यांच्या पाठीमागं टाळ घेऊन उभा राहिला नि तसाच गेला, कावीळ होऊन. आता कीर्तनात त्याच्या जागी धृपद मी धरते. एका रामनवमीला बुवांचा गळा बसला, तेव्हा पुढचा अख्खा अभंग त्यानं एकट्यानं म्हटला. त्याचा तेवढाच आवाज ह्या जगात उरलाय, नि तो ह्या डब्यात हाय. चंदाबाईला तिचा पोरगा प्रितम आज डोंबिवलीला घेऊन चाललाय, कायमची. घराला कुलूपसुद्धा लावून झालं. जाण्याआधी एकदा भावाला ऐकायचंय, एवढंच मागितलं गं तिनं माझ्याकडं. नि हा कुलदीप जेवून येतो म्हणून गेलाय. ढेकर देत येणार नि पुसणार!

नेत्रा: अजिबात नाही. आधी त्याला फोन लाव, कशालाही हात लावू नकोस म्हणून सांग.

रतन: लावतेच. हॅलो, कुलदीप? मी रतनकाकी, देवळातनं... तू आता परत यायचं न्हाय... व्हय, जेव की पोटभर, तुझ्या जेवणावर राग न्हाय माझा... दुसरा उपाय न्हाय? माझी भाची आलीय, पनवेलच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरच बघते ती... ट्रस्टींना सांग, त्यांच्या बायकांना सांग, मी उंबऱ्यात आडवी पडेन, मला ओलांडून जा नि मग पूस... ठेव! ठेवला बघ. उर्मट मेला.

नेत्रा: बरं, आता तो प्रोग्राम उघड. हां. ही पाटी वाच, काय म्हणतेय? "सर्व्हरशी संपर्क होत नाही." आत्या, डेटाबेस उडाला असं इथं कुठंच लिहिलेलं नाही.

रतन: मग त्यानं कुठं वाचलं?

नेत्रा: वाचलंच नसेल. हे बघ, प्रणयदादानं दोन भाग केलेत. एक आपल्याला दिसतो तो, तो फक्त मागतो. दुसरा आतला, न दिसणारा. कीर्तनं त्याच्याकडे. तो बंद पडलाय का बघू या. नाही, चालू आहे. अगदी धडधाकट चालू आहे.

रतन: धडधाकट! नि त्या धडधाकटाला हा जाळायला निघाला होता. रामा रे, तूच बघ!

नेत्रा: पण ह्या दोघांचं बोलणं होत नाहीये. मध्ये कोणीतरी अडवतंय. खालच्या कोपऱ्यात हे ढालीचं चित्र आहे ना, हे कधी आलं?

रतन: ते परवा कुलदीपनंच बसवलं. ट्रस्टी म्हणाले, फसवणुकी फार वाढल्यात, राखण हवी. फायरवॉल का काय म्हणतात ती.

नेत्रा: आणि कीर्तनं कधीपासून उघडेनात?

रतन: परवा... अगं बाई.

नेत्रा: इंटरनेटची वायर काढून ठेव, तेवढ्यात बाहेरचं कोणी शिरायला नको. आता ही राखण मी जराशी थांबवते. हं, उघड बघू.

रतन: उघडलं! नेत्रे, उघडलं गं! हे बघ बुवांचं नाव, ही रामनवमी, हा दत्तजयंतीचा सप्ताह! राम कृष्ण हरी! थांब, आता परत फोन लावते त्याला. राखणदार ह्यानंच बसवला, त्या राखणदारानं घरच्या माणसाला अडवलं, नि हा शहाणा म्हणतो घरच पाडा!

नेत्रा: थांब गं. राखण परत चालू करून त्याचं कारण बघू दे. हे काय? "कायम अडवा, वापरणाऱ्याच्या सांगण्यावरून." आत्या, परवा कुलदीप गेल्यावर इथं कोण बसलं होतं?

रतन: मीच. दुसरं कोण बसणार?

नेत्रा: तेव्हा मधोमध एक चौकोन आला होता का? अमुक प्रोग्राम आत येऊ पाहतोय, परवानगी द्यायची का, असं विचारणारा?

रतन: आला होता की. इंग्रजीत काहीतरी वेडंवाकडं नाव होतं. मी न्हाय म्हटलं. खाली बारीक अक्षरात 'हेच नेहमीसाठी' असं होतं, तिथंही बरोबरची खूण केली. पक्कं करून टाकलं.

नेत्रा: आत्या!

रतन: आत्या काय, आत्या? नागावला नूतनबाईंचं कीर्तन झालं, तिथं भर पूर्वरंगात त्यांनी झांजा खाली ठेवल्या नि म्हणाल्या, मायबापहो, पडद्यावर कोणी अनोळखी आत यायची परवानगी मागेल, तर नाही म्हणा, आणि एकदाच नव्हे, कायमचं नाही म्हणा. साऱ्या सभेनं हात वर करून रामाची शपथ घेतली. मी पहिल्या रांगेत होते. देवापुढं घेतलेली शपथ मोडू?

नेत्रा: नूतनबाईंचं बरोबरच आहे. पण हा अनोळखी नव्हता गं. सदूमामाचा आवाज ज्याच्याजवळ आहे, तोच हा.

रतन: मग त्यानं धड नाव सांगावं! 'मी देवळातला कीर्तनवाला' म्हणावं. दारात उभं राहून फाडफाड इंग्रजी झाडणाऱ्याला मी आत घेईन व्हय? नि राखण बसवणाऱ्यानं सांगायला नको, की काकी, असं असं विचारील, तेव्हा व्हय म्हणा? सांगायचं न्हाय, बघायचं न्हाय, नि वर फडकं घेऊन पुसायला यायचं!

नेत्रा: हे मात्र खरं. ते सांगणं त्याचं काम होतं.

रतन: बोट माझं, पण काम त्याचं. ट्रस्टींपुढं असंच बोलशील ना? आता काढून टाक ती ढाल. नकोच ती ब्याद.

नेत्रा: नको, राखण राहू दे. फसवणुकी खरोखरच होतात. मी फक्त तुझं 'कायम अडवा' काढते आणि ह्याला परवानगी देते, तीही ह्या कॉम्प्युटरच्या आतल्या आत. बाहेरचा कोणी आला तर अडवेलच. आणि आज इथून उठण्याआधी सगळी कीर्तनं पेनड्राइव्हवर घेणार.

रतन: शपथ मोडत न्हाय ना पण?

नेत्रा: ओळख पटल्यावर आत घ्यायला नूतनबाईंनी कुठं मना केलंय?

रतन: तेही हाय. दे मग परवानगी. रामाचं नाव घेऊन दाब.

चंदाबाई: रतन, आहेस का गं? प्रितम केव्हाचा गाडीत बसलाय. न्हाय लागत तर राहू दे, बाय. मी देवाला हात जोडून जाते.

रतन: राहू दे कशाला? या चंदाबाई, ह्या खुर्चीत बसा. वाजवू दे त्याला हॉर्न. बुवांचा पोरगा म्हणून गप्प बसते, न्हायतर देवळापुढं भोंगा वाजवतो म्हणून कान उपटला असता. नेत्रे, ती रामनवमी लाव.

(टाळांचा गजर. बुवा अभंगाची पहिली ओळ म्हणतात, खोकतात, पुन्हा खोकतात, थांबतात. मागून एक जाडसर, मोकळा आवाज अभंग उचलतो आणि शेवटापर्यंत नेतो.)

नेत्रा: आजी, काय आवाज होता हा! ह्या माणसाला मी नारळांच्या ढिगाशी बसून बिडी ओढतानाच पाहिलंय.

चंदाबाई: परत लाव गं. त्या खोकल्यापासनं.

रतन: खोकला कशाला? सदू सुरू होतो तिथनंच लाव की.

चंदाबाई: न्हाय, खोकला हवा. तो खोटा होता.

रतन: खोटा?

चंदाबाई: बुवांच्या गळ्याला काय धाड भरली होती! घरी आले नि मी भाकरी थापत होते तिथं बसून मला तोच अभंग अख्खा गाऊन दाखवला. म्हणाले, तुझ्या भावाला कितींदा पुढं ये म्हटलं, येत न्हाय. मग आज मीच मागं सरलो.

रतन: नि सदूला हे...

चंदाबाई: त्याला कळलंच न्हाय. दुसऱ्या दिवशी बुवांसाठी अडुळशाचा काढा घेऊन दारात हजर. बुवा सगळा प्याले, तोंड वाकडं न करता.

रतन: रामा रे! नि मी गावभर सांगत फिरले, बुवांनी कीर्तनाच्या दिवशी तळलेलं खाल्लं म्हणून.

चंदाबाई: ठाऊक हाय. त्यावर फार हसले होते ते.

नेत्रा: आजी, हे तुमच्या फोनमध्ये घालून देते. डोंबिवलीला पाहिजे तेव्हा ऐका.

चंदाबाई: घाल, बाय. तुझं भलं होवो. येते मी, रतन. बुवांची आठवण गाव काढील, त्याची मला काळजी न्हाय. तू रामनवमीला धृपद धरशील, तेव्हा तेवढी सदूची काढ.